निवासी इमारत-नियमांचे पुनरीक्षण

राहत्या घरांचे बांधकाम आणि त्यांतील रहिवाशांचे आगीपासून संरक्षण यांसंबंधीचे नियम ठराविक काळाने तपासून, नव्या अनुभवाच्या व प्रयोगांच्या आधारे त्यांत बदल करण्याची आणि ते बदल आपल्या हद्दीत बंधनकारक करण्याची स्थानिक शासनसंस्थांची कार्यपद्धती. अनेक देशांत इमारत-नियम दोन स्तरांवर तयार होतात. राष्ट्रीय पातळीवरील तज्ञमंडळे आदर्श संहिता रचतात. परंतु ती शिफारसवजा असते. नगरपालिका, महानगरपालिका किंवा राज्य शासन तिचा स्वीकार करते तेव्हाच तिला कायद्याचे बळ येते. या दोन स्तरांच्या मध्ये अभियंते, इमारत निरीक्षक, अग्निशमन अधिकारी व लोकनियुक्त सदस्य बसलेले असतात आणि नवी आवृत्ती जशीच्या तशी घ्यावी, तिच्यातील काही कलमे वगळावीत की आणखी कडक करावीत, याचा निर्णय त्यांना करावा लागतो. हे काम वरकरणी रुक्ष व कारकुनी वाटते. परंतु एखाद्या कलमाला झालेल्या विलंबाची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागल्याची उदाहरणे आहेत.

पुनरीक्षणाची गरज : घर तेच राहिले, तरी घरातील वस्तू बदलत असतात. पूर्वीच्या घरांत लाकूड, कापूस, लोकर, काथ्या यांचे सामान असे. आता गाद्या, कोच, पडदे आणि विद्युत् उपकरणांची आवरणे यांत पॉलियुरेथेन फोम व इतर प्लास्टिके यांचा भरणा असतो. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणीसंस्थेने सारख्याच आकाराच्या दोन खोल्यांपैकी एकीत जुन्या धाटणीचे व दुसरीत आधुनिक सामान मांडून त्या पेटविल्या. खोलीतील सर्व ज्वालाग्राही वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात त्या अवस्थेला ‘सर्वदाह’ म्हणता येईल. जुन्या धाटणीच्या खोलीत ती अवस्था येण्यास अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ लागला. आधुनिक खोलीत ती चार मिनिटांच्या आत आली. एवढ्या अवधीत कोणत्याही शहरात बंब दारी येऊन पोहोचणे दुरापास्तच असते. त्यामुळे निवासी नियमांचा रोख गेल्या काही दशकांत बदलला आहे. आग विझविण्याच्या सोयीपेक्षा तिची लवकर सूचना मिळणे आणि रहिवाशाला स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येणे यांना त्यांत अधिक महत्त्व आले आहे.

धूरसूचक घंटा आणि झोपण्याच्या खोलीची खिडकी ही या दृष्टीची ठळक फळे होत. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निवासी संहितेप्रमाणे प्रत्येक शयनगृहात, शयनगृहांच्या बाहेर लगतच्या जागेत आणि प्रत्येक मजल्यावर धूरसूचक असावा लागतो. हे सर्व सूचक एकमेकांशी जोडलेले असतात. त्यामुळे तळघरातील धुराने वरच्या मजल्यावरील घंटाही वाजते. शयनगृहाच्या एका खिडकीचे उघडे क्षेत्र किमान ०·५३ चौ.मी. असावे आणि तिची खालची कड जमिनीपासून सुमारे १·१२ मी.हून उंच नसावी, असाही दंडक आहे. ही मापे अशा हेतूने ठरविलेली आहेत, की आतील माणसाला बाहेर पडता यावे आणि पाठीवर श्वसनयंत्र घेतलेल्या अग्निशामकाला आत शिरता यावे. मुंबई-पुण्याकडील सदनिकांच्या खिडक्यांना चोरांच्या भयाने जी पक्की लोखंडी जाळी बसविण्यात येते, तिच्याकडे पाहताना या मापांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ऐतिहासिक आढावा : बांधकामाविषयीचा सर्वांत जुना ज्ञात कायदा बॅबिलनचा राजा हामुराबी याचा (इ. स. पू. सु. १७५०). घर कोसळून मालक दगावल्यास बांधणाऱ्याला देहान्त शासन द्यावे, असे त्यात म्हटले आहे; घर कसे बांधावे हे मात्र सांगितलेले नाही. इ. स. ६४ मधील रोमच्या भीषण आगीनंतर सम्राट नीरोने रस्ते रुंद करविले, घरांच्या उंचीला मर्यादा घातली आणि शेजारच्या घरांना सामायिक भिंत असण्यास मनाई केली. परिणामाऐवजी बांधणीचे नियमन करण्याचा हा एक प्रारंभीचा प्रयत्न होय.

आधुनिक पद्धतीचा उगम सामान्यतः लंडनमध्ये मानला जातो. सप्टेंबर १६६६ मध्ये चार दिवस धुमसणाऱ्या आगीत तेथील सु. १३,२०० घरे व ८७ पॅरिश चर्चे भस्मसात झाली. पुढच्याच वर्षी झालेल्या पुनर्बांधणी अधिनियमाने बाहेरील भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात असे ठरविले, घरांचे चार वर्ग पाडले आणि प्रत्येक वर्गासाठी मजले व भिंतींची जाडी निश्चित केली. अंमलबजावणीसाठी नगराने सर्वेक्षक नेमले. शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक हा त्यांपैकी एक होता. मात्र एका अधिनियमाने काम संपले नाही. भिंती विटांच्या झाल्या, तरी छपराच्या कडेची लाकडी कंगणी आग पुढे नेते असे अनुभवास आले, म्हणून १७०७ च्या अधिनियमाने ती बंद केली. पुढे १७०९ मध्ये खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आत बसविण्याचा नियम झाला. अखेर १७७४ च्या अधिनियमाने इमारतींचे सात वर्ग ठरविले आणि विभागवार सर्वेक्षकांची पद्धत पक्की केली. लंडनमधील जॉर्जियन घरांचे साधे, सपाट दर्शनी रूप हे काही अंशी या क्रमवार दुरुस्त्यांचे फळ आहे. कलेच्या इतिहासकारांनी त्याचे सगळे श्रेय अभिरुचीला दिले आहे, असे मात्र नव्हे. या सर्व दुरुस्त्यांचा भर नव्या बांधकामांवर होता. आगीतून वाचलेल्या भागातील लाकडी घरे त्यामुळे आपोआप सुधारली नाहीत. पुनरीक्षणातील ही अडचण आजतागायत टिकून आहे.

आदर्श संहिता व स्थानिक स्वीकार : अमेरिकेत या कामी पुढाकार घेतला तो विमा कंपन्यांनी. बॉल्टिमोर येथे १९०४ मध्ये दीड हजारांवर इमारती जळाल्या. मदतीस आलेल्या अन्य शहरांच्या बंबांचे नळजोड तेथील जलस्तंभांना बसत नव्हते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आग-विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने १९०५ मध्ये नगरपालिकांसाठी आदर्श इमारत-संहिता प्रसिद्ध केली. पुढे निरनिराळ्या प्रदेशांत अधिकाऱ्यांच्या तीन संघटनांनी तीन वेगळ्या संहिता चालविल्या. त्या संघटनांनी १९९४ मध्ये इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था स्थापन केली व २००० पासून एकच संहितामाला प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात एक व दोन कुटुंबांची घरे आणि तीन मजल्यांपर्यंतची सलग घरे यांसाठी स्वतंत्र निवासी संहिता आहे. नावात ‘इंटरनॅशनल’ असले, तरी तिचा व्यवहार मुख्यतः अमेरिकेतलाच आहे.

ही संहिता दर तीन वर्षांनी सुधारली जाते. बदलाची सूचना कोणीही करू शकतो : वास्तुशिल्पज्ञ, उत्पादक, अग्निशामक किंवा सामान्य नागरिक. जाहीर सुनावणीत सर्वांना बोलता येते. परंतु अंतिम मतदानाचा अधिकार शासकीय प्रतिनिधींनाच, म्हणजे इमारत व अग्निशमन खात्यांतील अधिकाऱ्यांना असतो. ज्यांचा माल खपायचा आहे त्यांच्या हाती निर्णय राहू नये, हा त्यामागील हेतू होय.

नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर स्थानिक काम सुरू होते. जुन्या व नव्या आवृत्त्यांची कलमवार तुलना करून अधिकारी टिपण तयार करतात. त्या ठिकाणचे हवामान, भूकंपप्रवणता, पाण्याचा दाब, अग्निशमन केंद्रांमधील अंतर, मनुष्यबळ यांनुसार स्थानिक दुरुस्त्या सुचविल्या जातात. त्यानंतर जाहीर सुनावणी होऊन नगरपरिषद ठरावाने किंवा उपविधीने संहिता स्वीकारते. काही राज्यांत हा अधिकार राज्याकडे असतो आणि स्थानिक संस्थांना फक्त अंमल करावा लागतो. नियमांचा ताजेपणा व अंमलबजावणीचा दर्जा यांवरून विमा-सल्लागार संस्था प्रत्येक क्षेत्राला १ ते १० अशी श्रेणी देते, १ ही सर्वोत्तम. तिचा परिणाम विम्याच्या हप्त्यावर होऊ शकतो. यामुळे अनास्था असलेल्या नगरपरिषदेलाही पुनरीक्षण फार काळ टाळणे परवडत नाही.

फवाऱ्यांचा वाद : पुनरीक्षणातील ताण कोठे पडतो, हे स्वयंचलित जलफवाऱ्यांच्या प्रश्नावरून चांगले कळते. ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल या शहराने १९८५ मध्ये उपविधी करून पुढील वर्षारंभापासून प्रत्येक नव्या घरात फवारे सक्तीचे केले. पहिल्या १५ वर्षांच्या नोंदींत फवारे असलेल्या घरांत आगीने एकही मृत्यू झाला नाही. फवारे नसलेल्या घरांत १३ मृत्यू झाले. फवाऱ्याने आग आवरताना सरासरी सु. १,३०० लि. पाणी खर्च झाले, तर नळीने विझविताना सु. ११,००० लि. लागले. एक फवारा सुरू झाला, की साऱ्या घरात पाणी कोसळते हा समज चित्रपटांतून पसरलेला आहे. वास्तविक प्रत्येक फवाऱ्याच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची बारीक कुपी असते. ती सामान्यतः ६८° से. च्या सुमारास फुटते आणि केवळ तेवढाच फवारा उघडतो.

या अनुभवाच्या आधारे २००८ मध्ये मिनीॲपोलिस येथील अधिवेशनात अधिकाऱ्यांनी आवश्यक दोनतृतीयांशांहून अधिक मतांनी निर्णय केला आणि निवासी संहितेच्या २००९ च्या आवृत्तीत नव्या घरांसाठी फवारे अनिवार्य झाले. घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला कसून विरोध केला होता. घराची किंमत वाढून अल्प उत्पन्नाचे ग्राहक बाहेर फेकले जातील आणि ते अधिक जुन्या, अधिक धोकादायक घरांतच राहतील, असा तिचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी स्वार्थी म्हणून झटकून टाकता येत नाही. कॅलिफोर्निया व मेरिलंड यांनी हे कलम राज्यभर स्वीकारले. पेनसिल्व्हेनियाने ते आधी घेतले आणि २०११ मध्ये एक व दोन कुटुंबांच्या घरांपुरते मागे घेतले. अनेक राज्यांनी तर स्थानिक संस्थांना ते लागू करण्यास कायद्यानेच मनाई केली. अशा रीतीने तज्ञांच्या संहितेतील एकच कलम एका राज्यात कायदा, तर दुसऱ्यात निषिद्ध ठरले. ब्रिटनमध्ये वेल्सने २०१६ पासून सर्व नव्या घरांत फवारे आवश्यक केले. इंग्लंडने असे केलेले नाही.

विद्यमान इमारती : नवा नियम जुन्या घराला लागू करावा काय, हा पुनरीक्षणातील सर्वांत अवघड प्रश्न होय. बांधताना जे कायदेशीर होते ते नंतर बेकायदेशीर ठरवू नये, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. न्यूयॉर्कने १९०१ च्या चाळविषयक अधिनियमात त्याला अपवाद केला. उभ्या असलेल्या चाळींतही अंगणातील सामायिक शौचकूप काढून घरांत पाण्याचे संडास बसविणे मालकांना भाग पाडले. एका मालकिणीने त्याविरुद्ध दाद मागितली. परंतु सार्वजनिक आरोग्यासाठी असा खर्च लादता येतो, हा राज्य न्यायालयाचा निर्णय १९०६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. तरीही व्यवहारात बहुतेक शहरे संकोचच करीत. इमारतीच्या मूल्याच्या अमुक टक्क्यांहून अधिक दुरुस्ती झाल्यास सर्व नवे नियम लागू, अशी ढोबळ पद्धत रूढ होती. तिचा परिणाम उलटाच झाला. मालक दुरुस्तीच करीनासे झाले आणि जुन्या वस्त्या अधिकच खचल्या. न्यू जर्सी राज्याने १९९८ मध्ये पुनर्वसनासाठी स्वतंत्र उपसंहिता करून दुरुस्ती, नूतनीकरण, पुनर्रचना अशा पायऱ्या पाडल्या व प्रत्येक पायरीला झेपेल एवढेच बंधन घातले. ही वाट पुढे इतरत्रही अनुसरली गेली.

विलंबाचे परिणाम : लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली नव्या इमारतीत मे १९६८ मध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. पूर्वरचित भिंतींचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला आणि चार माणसे मेली. दोन वर्षांत नियम बदलले : एखादा भाग निकामी झाला, तरी पडझड त्या मानाने मर्यादित राहिली पाहिजे, असे तत्त्व त्यांत आले. येथे पुनरीक्षण तत्पर होते.

त्याच शहरात पुढे घडले ते वेगळे. जुलै २००९ मध्ये लॅकनॉल हाउस या १४ मजली इमारतीत आग बाहेरून वर-खाली पसरून सहा जण मृत्यू पावले. त्यांत तीन मुले होती. मृत्युसमीक्षकाने २०१३ मध्ये शासनाला लिहिले, की बाह्य भिंतींवरून आग पसरण्याविषयीचे अधिकृत मार्गदर्शन अस्पष्ट असून त्याचे पुनरीक्षण करावे. ते पुढील चार वर्षांत पूर्ण झाले नाही. त्याच काळात १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीचे नूतनीकरण चालू होते. तिच्या भिंतींना पॉलिएथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे बसविण्यात आले आणि स्थानिक परिषदेच्या इमारत-नियंत्रण विभागाने २०१६ मध्ये कामाला पूर्तता प्रमाणपत्र दिले. १४ जून २०१७ च्या पहाटे चौथ्या मजल्यावरील एका शीतकपाटाच्या ठिकाणी लागलेली आग खिडकीतून बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचली आणि अर्ध्या तासाच्या आत माथ्यापर्यंत चढली. इमारतीला एकच जिना होता व ‘आपापल्या सदनिकेतच थांबा’ हा सल्ला दोन तासांच्या आसपास कायम राहिला. या आगीत ७२ जणांचा बळी गेला.

डेम ज्युडिथ हॅकिट यांचा पुनर्विलोकन अहवाल मे २०१८ मध्ये आला. डिसेंबर २०१८ पासून १८ मी. व त्याहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वालाग्राही द्रव्ये वापरण्यास बंदी झाली. २०२० मध्ये फवाऱ्यांची उंचीमर्यादा ३० मी.वरून ११ मी.वर आली आणि २०२२ मध्ये इमारत सुरक्षा अधिनियम झाला. चौकशी समितीच्या सप्टेंबर २०२४ मधील अंतिम अहवालाने उत्पादकांबरोबरच शासकीय खाते व स्थानिक परिषद यांच्यावरही ठपका ठेवला. प्रस्तुत लेखकाला त्यातील बोधप्रद भाग वाटतो तो असा, की नियम अगदीच नव्हते असे नाही. ते कसे वाचावे याविषयी प्रत्येकाचे मत निराळे होते आणि ती संदिग्धता दूर करण्याचे काम फायलीत पडून होते.

भारत व महाराष्ट्र : मुंबईच्या किल्ल्यातील दाट वस्तीचा मोठा भाग १८०३ च्या आगीत जळाला आणि वस्ती किल्ल्याबाहेर सरकू लागली. १८९६ च्या प्लेगनंतर उजेड व हवा यांना महत्त्व आले. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. अग्निसुरक्षेचा समग्र विचार मात्र १९७० मध्ये भारतीय मानक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत झाला. तिच्या सुधारित आवृत्त्या १९८३, २००५ व २०१६ मध्ये निघाल्या. तिचा चौथा भाग अग्निसुरक्षा व जीवितसुरक्षा यांना वाहिलेला आहे. त्यात १५ मी. व अधिक उंचीच्या इमारतींना ‘उंच इमारती’ म्हटले आहे. ही संहिताही शिफारसवजाच आहे. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत इमारत-बांधणीचे नियमन व अग्निशमन सेवा हे दोन्ही विषय नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोगे म्हणून नोंदले आहेत. आवृत्त्यांमधील अंतर अमेरिकेच्या मानाने फार मोठे आहे. तीन वर्षांचे चक्र आपल्या नगरपालिकांना पेलेल असे नाही. परंतु दोन दशकांचा खंड हाही बराच झाला.

महाराष्ट्रात विकास नियंत्रण नियमांतील फेरबदल प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार होतो. नियोजन प्राधिकरण फेरबदलाची सूचना राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध करते, एक महिन्यात हरकती व सूचना मागविते, सुनावणी घेते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे पाठविते. बृहन्मुंबईसाठी २०१८ मध्ये नवी नियमावली अंमलात आली. राज्याच्या बहुतेक उर्वरित भागासाठी २०२० मध्ये एकत्रीकृत नियमावली मंजूर झाली. अशा वेळी येणाऱ्या हरकती बहुधा चटई क्षेत्र निर्देशांकाविषयी असतात. जिन्याची रुंदी वा धूर अडविणारे दार यांविषयी हरकत घेणारा नागरिक विरळाच.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अंमलात आला. त्याने जबाबदारी मालकावर वा भोगवटादारावर टाकली. बसविलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे अनुज्ञप्तिधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. कसूर झाल्यास पाणी व वीजपुरवठा तोडण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत हे काम बिनपगारी सचिवाच्या गळ्यात पडते आणि खर्चाचा विषय सर्वसाधारण सभेत पुढे ढकलला जातो, हे अनेकांच्या परिचयाचे आहे. उंच इमारतीतील आश्रयाची मोकळी जागा संस्थेच्या अडगळीने भरते. जिन्याचे आपोआप मिटणारे दार दगड लावून उघडे ठेवले जाते.

मुंबईतील उपकरप्राप्त जुन्या इमारतींची स्थिती याहून बिकट आहे. १९६९ च्या अधिनियमानुसार दुरुस्ती मंडळाकडे आलेल्या अशा इमारती १९ हजारांवर होत्या आणि त्यांपैकी बहुसंख्य १९४० पूर्वीच्या. लाकडी तुळया, लाकडी तक्तपोशी व पुष्कळदा एकच लाकडी जिना अशी त्यांची घडण असते. नव्या संहितेतील जिन्याचा वा फवाऱ्यांचा नियम तेथे लागू करू म्हटले, तर इमारत पाडणे एवढाच पर्याय उरतो आणि पुनर्विकास तर वर्षानुवर्षे रखडतो. अशा ठिकाणी पुनरीक्षण करणाऱ्यांनी न्यू जर्सीप्रमाणे पायऱ्या पाडणे अधिक फलदायी ठरेल. वीजवाहिन्यांचा उभा मार्ग हे त्याचे साधे उदाहरण. खालच्या मजल्यावरील मीटरपेटीशी आग लागली, की हा मार्ग धुराड्याचे काम करतो आणि वरच्या मजल्यांवरील माणसे ज्वाळेऐवजी धुराने गुदमरतात. राष्ट्रीय संहितेप्रमाणे असा मार्ग प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक द्रव्याने बंद केलेला असावा लागतो. जुन्या इमारतीत हे करण्याचा खर्च फवाऱ्यांच्या मानाने अगदी थोडा असतो आणि त्यासाठी एकाही बिऱ्हाडाला घर सोडावे लागत नाही.